लेव्हल वाढली, पण खिसा रिकामाच!

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी 'थर्ड लँग्वेज' होतं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादकांना धरा. त्यांनीच मागे लागून हा लेख लिहून घेतलाय. विषयही त्यांचाच! "रात्री दोन वाजता तुमच्या रूममधून गाय हंबरल्याचा आवाज येतो म्हणे, त्यावर लिही."

तर मंडळी, ती गाय 'ओल्ड स्कूल रूनस्केप' या ऑनलाइन गेममधली आहे. मूळ रूनस्केप २००१ साली आला, म्हणजे तो माझ्यापेक्षा वयाने मोठा. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा हा गेम. पुढे तो इतका बदलला की जुने खेळाडू रुसले, म्हणून २०१३ मध्ये कंपनीने २००७ सालची जपून ठेवलेली प्रत बाहेर काढून 'ओल्ड स्कूल' नावाने परत सुरू केली. २०१८ पासून तो मोबाईलवरही चालतो. हॉस्टेलसाठी म्हणाल तर एकदम फिट! फुकटात बराच भाग खेळता येतो, ग्राफिक्स कार्ड लागत नाही, आणि गेमचं घड्याळच ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालत असल्यामुळे आपलं वाय-फाय थोडं रडलं तरी फारसं बिघडत नाही.

खेळ साधा आहे. लढणं, खाणकाम, मासेमारी, लोहारकाम, जादू अशी बरीच कौशल्यं आहेत आणि प्रत्येकात १ ते ९९ लेव्हल. काम केलं की अनुभव मिळतो, म्हणजे एक्सपी. ९९ गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात. त्याचा अर्धा रस्ता कुठे येतो? पन्नासला? नाही, ९२ ला! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला एम-थ्रीचा पेपर आठवला.

आता मूळ मुद्दा. तलवार, चिलखत, खाणं, जादूचे रून, सगळ्याला नाणी लागतात. मला वाटलं, लेव्हल वाढली की पैसा आपोआप येईल. म्हणून मी लोहारकाम धरलं. एक लोखंडाचं खनिज आणि दोन कोळसे वितळवले की पोलादाची एक कांडी, आणि पाच कांड्यांचं एक चिलखत. चिलखताला लेव्हल ४८ लागते. तिथपर्यंत पोचायला माझे कितीतरी वीकएंड गेले. पहिलं चिलखत विकायला काढलं, तर पाच कांड्या तशाच विकल्या असत्या तरी जास्त नाणी आली असती! मला वाटलं मीच काहीतरी चुकतेय. पुढची पन्नास चिलखतं बनवून, साठवलेली सगळी नाणी कोळशात घालून मी याची खात्री करून घेतली.

चूक माझी नव्हती, समजुतीची होती. चिलखत बनवणाऱ्या हजारो लोकांना चिलखत नकोच असतं, त्यांना एक्सपी हवा असतो. तयार माल म्हणजे उसाचं चिपाड. सगळेच तो बाजारात ओततात, मग भाव पडतो. कांड्यांना मात्र मागणी, कारण त्यातून एक्सपी निघायचा असतो. थोडक्यात, लेव्हल वाढवणारा माणूस काम करण्यासाठी स्वतः पैसे मोजत असतो. हसू नका! मागच्या उन्हाळ्यात आमच्या वर्गातल्या काहींनी एका कंपनीला फी भरून इंटर्नशिप केली. स्टायपेंड शून्य, पण "एक्सपीरियन्स मिळेल". मी त्यांना भरपूर चिडवलं आणि रूमवर येऊन कोळसा विकत घेतला.

हे कळल्यावर मी उलटा विचार केला. ज्या कामात एक्सपी अजिबात नाही, ते करायला लोक कंटाळत असणार, आणि कंटाळ्याचे पैसे मिळत असणार. तसंच निघालं! इथे आमच्या गाई येतात. लम्ब्रिज गावाशेजारच्या कुरणात नवे खेळाडू गाई मारून लढाई शिकतात. प्रत्येक गाईमागे एक कातडं पडतं. नवखा माणूस ते उचलतही नाही, आणि मिनिटभराने ते इतरांनाही दिसू लागतं. मी ते वेचत फिरते. (आजी फोनवर विचारते, "काय करतेस गं एवढ्या रात्री?" मी म्हणते, "गाईंचंच काम आहे." आजी खूश.) कातडी अल खरीद गावात नेली की तिथला एलिस नावाचा चांभार एका नाण्यात एक कातडं कमावून देतो. झोळीत जागा २८. एक नाण्यांना जाते, म्हणजे एका खेपेत २७ कातडी. बँक ते एलिस, एलिस ते बँक. एक्सपी शून्य, डोकं शून्य. पण कमावलेलं चामडं कच्च्या कातड्यापेक्षा सहसा थोडं महाग विकलं जातं आणि तेवढाच आपला नफा. शिवणकामाचा एक्सपी ज्याला हवा असतो त्याला हे चालणं नको असतं, म्हणून तो आपल्याला चालण्याचे पैसे देतो.

नव्यांसाठी एक सूचना: फुकट खात्याला २० तास खेळ, १० क्वेस्ट पॉइंट आणि सगळी मिळून लेव्हल १०० होईपर्यंत काही माल बाजारात विकता येत नाही. बॉट, म्हणजे माणसाच्या जागी खेळणारे प्रोग्रॅम, येऊन धुमाकूळ घालतात, त्यांच्यासाठी ही वेसण. चिडू नका, तोवर क्वेस्ट करा. आणि बाजारात कोणी "पैसे डबल करून देतो" म्हणाला तर पुढे चला. पहिल्यांदा तो खरंच डबल करून देतो, दुसऱ्यांदा मोठी रक्कम घेऊन गायब. माझे चाळीस हजार गेले. गावाकडे अशा स्कीमवाल्यांच्या मागे लोक धावतात त्याला मी अडाणीपणा म्हणायचे, आता म्हणत नाही.

एक्सपी आणि पैसा जवळपास बरोबरीत मिळवून देणारी एक गोष्ट मात्र आहे, किमया! मॅजिक लेव्हल ५५ ला 'हाय अल्केमी' येते. एक नेचर रून आणि पाच फायर रून जाळले की हातातली वस्तू नाहीशी होऊन तिच्या ठरलेल्या मूल्याच्या ६० टक्के नाणी मिळतात. रून धातूच्या मोठ्या चिलखताचं मूल्य ६५,०००, म्हणजे ३९,००० नाणी. दर मंत्राला ६५ एक्सपी, वेळ तीन सेकंद. ही नाणी कुणाच्या खिशातून येत नाहीत, हवेतून तयार होतात. म्हणूनच अशा वस्तूचा भाव बाजारात फार खाली पडत नाही. पडला तर कोणीतरी विकत घेऊन वितळवतोच. सरकारच्या हमीभावासारखं, फक्त इथे खरेदी केंद्र कधी बंद नसतं.

पण हवेतून नाणी येतच राहिली तर महागाई होणार. त्यामुळे नाणी नष्टही करावी लागतात. ग्रँड एक्स्चेंज या मुख्य बाजारात विकणाऱ्याकडून डिसेंबर २०२१ पासून १ टक्का कर घेतला जाऊ लागला, २०२५ मध्ये तो २ टक्के झाला. इकॉनॉमिक्सच्या तासाला मनी सप्लाय माझ्या डोक्यावरून गेला होता, इथे दोन रात्रीत कळला. जाता जाता एक मजा: एका ढिगात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ नाणी मावतात. कॉम्प्युटरवाल्यांनी ओळखलं असेल, दोनाचा एकतिसावा घात वजा एक. ३२ बिटांची तिजोरी!

आता जे संपादकांना सांगितलं नव्हतं ते. गेल्या जानेवारीत बाबांचं पेमेंट अडकलं आणि माझे मेसचे नऊ हजार थकले. नोटीस बोर्डवर नाव लागलं. त्याच आठवड्यात गेममध्ये एकाने विचारलं, नाणी विकतेस का? दहा लाखांना पंधरा रुपये, लगेच यूपीआय. माझ्याकडे तेवीस लाख होते. दोनशे चौदा तासांची मालमत्ता! (किती तास खेळलो ते गेम स्वतःच दाखवतो, निर्दयपणे.) वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. तेवीस लाखांचे साडेचौतीस रुपये. माझी सगळ्यात चांगली कमाई तासाला ऐंशी हजार, म्हणजे तासाला एक रुपया वीस पैसे. नऊ हजार रुपयांसाठी ७,५०० तास, न झोपता ३१२ दिवस. शिवाय खऱ्या पैशाने नाणी विकणं नियमाविरुद्ध, पकडलं तर खातं कायमचं बंद.

हा दर कुणाला परवडत असेल, असं मला वाटलं. मग वाचनात आलं की २०१७ च्या सुमारास व्हेनेझुएलातली कितीतरी माणसं याच गेममध्ये दिवसभर हिरवे ड्रॅगन मारत बसायची आणि नाणी डॉलरमध्ये विकायची. त्यांच्या देशाचा बोलिव्हार इतका घसरला होता की हे थोडेसे डॉलरही पगारापेक्षा बरे. ड्रॅगन असतात त्या भागात एक खेळाडू दुसऱ्याला मारू शकतो. बाजार बिघडवतात म्हणून काही जणांनी या लोकांना ओळखून मारायच्या युक्त्याही एकमेकांना सांगितल्या होत्या. मी ज्याला गेम म्हणत होते ते कुणाचं तरी मेसचं बिल होतं.

मी त्याला नाही म्हटलं. वही घेऊन रेक्टर मॅडमकडे गेले. हिशोब नाही दाखवला, नुसतं खरं कारण सांगितलं. त्यांनी तीन हप्ते करून दिले आणि बोर्डावरचं नाव काढलं. वर त्यांच्या शेजारच्या आठवीतल्या मुलाला गणित शिकवशील का, म्हणून विचारलं. तासाला दीडशे. त्यात एक्सपी किती ते माहीत नाही, पण तो 'ऋण गुणिले ऋण धन का?' असं विचारतो तेव्हा मला घाम फुटतो.

तेवीस लाख अजून बँकेत आहेत. त्यातून नेचर रून घेऊन किमया सुरू करायची आहे, पी.एल. संपल्यावर. आणि हो, हेडफोन आणलेत, गाय आता फक्त मला ऐकू येते.