तेरणाकाठची पांढर

धाराशिव शहराच्या ईशान्येस, तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव वसले आहे. बालाघाटच्या पठारावरील गवताळ माळ, त्याखालची काळीभोर शेते आणि नदीलगतची मातीची बुटकी टेकाडे असे या परिसराचे रूप आहे. मरुभूमीतील वालुकागिरी पाहिलेल्यास ही टेकाडेही वाऱ्यानेच रचली असावीत असे वाटेल. वस्तुतः ती माणसाच्या वस्तीने उभी राहिली आहेत, आणि तेरला जाण्याचे खरे प्रयोजन तेच आहे.

येथील भूमीचे तीन प्रकार सहज ओळखता येतात. माळावर बेसाल्ट खडकावर मुरमाचा पातळ थर असतो. त्यात कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते वाढतात. पैकी कुसळीचे बी न्याहाळण्याजोगे आहे. त्याच्या शेपटीस दोरीसारखा पीळ असतो. दव पडले की तो उलगडतो, ऊन लागले की पुन्हा आवळतो, आणि या फिरण्यातून बी जमिनीत रुतत जाते. वाटसरूच्या धोतरातही ते तितक्याच निष्ठेने रुतते. दुसरी भूमी शेतांची काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते व पावसाळ्यात पाय धरून ठेवते. तिसरी म्हणजे पांढर.

पांढर तयार होण्यास शतके लागतात. मातीच्या भिंतींची घरे पडतात, त्यांच्याच ढिगाऱ्यावर नवी घरे उभारली जातात. चुलीची राख, शेण, खापरे, हाडे यांची भर पडत राहते. राख व चुना यांमुळे माती फिकट होते आणि गावाची जमीन हळूहळू उंचावते. हीच माती माळवदावर पसरण्यासाठी ग्रामस्थ पिढ्यान्‌पिढ्या खणून नेत आले. त्यामुळे टेकाडांची हानी झाली हे खरे. पण पुरलेल्या वस्तू प्रथम उजेडात आल्या त्या याच कुदळीने.

तेर म्हणजे प्राचीन तगर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये पटवून दिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर हे पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. येथील साधे कापड व तलम मलमल गाड्यांतून भडोचला जात असे. पुढे कोकण-कोल्हापूरचे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मोठ्या अभिमानाने मिरवीत. चापेकर यांनी १९५८ मध्ये येथे उत्खनन केले. नंतरच्या उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेषही मिळाले.

विटा हा तेरचा विशेष होय. मातीत कोंडा वा भुसा मिसळून वीट भाजली की तो जळून जातो व आत सूक्ष्म पोकळ्या राहतात. येथील काही जुन्या विटा यामुळे पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या आहेत. त्रिविक्रम मंदिराचा गाभारा विटांचाच असून त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार व छत गजपृष्ठाकार आहे. हा मूळचा बौद्ध चैत्य असावा असे काही अभ्यासक मानतात, तर काही हे मत स्वीकारत नाहीत. वाद काहीही असो, विटांत बांधलेली इतकी प्राचीन आणि अजून उभी असलेली वास्तू महाराष्ट्रात विरळाच.

टेकाडांतून निघालेल्या वस्तू जमवण्याचे श्रेय गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांचे. त्यांच्या नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात शंखाचे व रत्नांचे मणी, सातवाहनांची नाणी, केओलिन मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंती स्त्रीप्रतिमा आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरात तिच्याशी साम्य असलेली भारतीय प्रतिमा १९३८ मध्ये सापडली. आधी संग्रहालय पाहून मग टेकाडे फिरावीत, म्हणजे पायाखालचे खापर नुसते खापर राहत नाही. मात्र ते खिशात घालू नये. जागेवरून हललेल्या वस्तूची निम्मी साक्ष नष्ट होते.

नदीकाठी संत गोरोबाकाकांचे समाधिमंदिर आहे. परंपरेनुसार त्यांची समाधी शके १२३९ मधील असून चैत्र वद्यात येथे यात्रा भरते. भाविकांनी तेव्हा जावे. टेकाडे व माळ पाहणाऱ्याने मात्र पाऊस ओसरल्यावर, मार्गशीर्ष-पौषात यावे. चैत्रात गवत वाळलेले असते, नदी आटलेली असते आणि टेकाडांवर सावलीला झाड सापडणे कठीण.