परक्याच्या आकाशाची वार्ता

मृग जवळ आला म्हणजे आपण सारेच आकाशाकडे डोळे लावून बसतो. परंतु सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस आपल्या आकाशात जन्मत नाही. त्याला आणणारे वारे दक्षिण हिंदी महासागरात, मॉरिशस-मादागास्करच्या बाजूस निघतात, विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्यालगत वेग घेतात आणि मग आपल्याकडे वळतात. तेव्हा आपल्या पावसाचे भाकीत करावयाचे, तर आधी परक्याच्या आकाशाची वार्ता हवी.

हे मर्म गिल्बर्ट वॉकर यांनी ओळखले होते. १९०४ साली ते हिंदुस्थानातील वेधशाळांचे प्रमुख झाले. मान्सूनचे धागेदोरे शोधताना त्यांनी दक्षिण अमेरिकेपर्यंतचे हवेच्या दाबाचे आकडे ताडून पाहिले. पॅसिफिक व हिंदी महासागर यांच्यामध्ये दाबाचा एक झोका सतत हलत असतो, हे त्यांतूनच दिसून आले. आज 'एल् निनो'चा विचार या झोक्यावाचून होत नाही. एकट्या देशाच्या वह्यांतून हा शोध लागता ना.

या देवघेवीला रीतसर आरंभ झाला तो १८७३ सालच्या व्हिएन्ना परिषदेपासून. १९५० साली जागतिक हवामान संघटनेचा करार अमलात आला. १९६३ साली तिने साऱ्या पृथ्वीच्या हवामानावर नजर ठेवण्याची योजना आखली. शीतयुद्ध चालू असतानाही वॉशिंग्टन आणि मॉस्को ही दोन्ही त्या योजनेची प्रमुख केंद्रे झाली, तिसरे मेलबर्न. जगभरच्या वेधशाळा ठरलेल्या एकाच घटकेला नोंद घेतात. त्यांतली एक घटका म्हणजे आपल्याकडची पहाटेची साडेपाचची वेळ. नोंद आकड्यांत जाते, म्हणून भाषेची भिंत आड येत नाही.

पुढे भिंत आली ती पैशाची. काही देशांची हवामानखाती आकडे विकू लागली. आकडा हा बाजारातला माल, की गावच्या विहिरीसारखा सर्वांचा? १९९५ साली जिनीव्हा येथे तडजोड झाली : अत्यावश्यक माहिती विनामूल्य द्यावी, बाकीच्या माहितीवर अटी चालतील. २०२१ साली हे धोरण अधिक व्यापक होऊन त्यात नद्या, सागर व हिमप्रदेशही आले. त्याआधी, २००८ साली, अमेरिकेने 'लँडसॅट' उपग्रहांच्या चित्रांचा साठा सर्वांना फुकट खुला केला होता.

तथापि विहीर खुली झाली, तरी ज्याच्याजवळ पोहराच नाही त्याने काय करावे? आफ्रिकेच्या मोठ्या भागात वेधशाळा विरळ आहेत. यंत्र आहे तर वीज नाही, वीज आहे तर यंत्र सांभाळणारा माणूस नाही, अशी तेथे गत होते. गरीब देशांना निरीक्षणासाठी साह्य देणारा एक निधी २०२१ साली उभा राहिला, तो यासाठीच. कोणी याला दानधर्म म्हणतील. आम्ही म्हणणार नाही. आपला पाऊस ज्या वाटेने येतो, त्या वाटेवरचा दिवा शेजाऱ्याच्या अंगणात आहे. त्यात तेल घालणे हे आपल्याच हिताचे आहे.