‘कल्पा’चा पूर्वेकडील प्रवास
बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेताना काही संस्कृत शब्दांस प्रतिशब्द मिळेनात. तेव्हा भाषांतरकारांनी त्यांचा उच्चारच उचलला. ‘संघ’ जपानात ‘सो’ झाला आणि एकट्या भिक्षूसही लागू पडला. ‘क्षण’ ‘सेत्सुना’ झाला. सृष्टीच्या उत्पत्तीपासून प्रलयापर्यंतचा ‘कल्प’ लिहिण्यास मूळ ‘लुटणे’ अशा अर्थाचे ‘ज्ये’ हे चिनी अक्षर योजले गेले. कल्पान्ती जगाचा संहार, म्हणून चिनी माणूस घोर संकटासही ‘ज्ये’ म्हणू लागला. जपानी ‘ओक्कू’ म्हणजे शब्दशः दहा कोटी कल्प. व्यवहारात मात्र नकोशा वाटणाऱ्या कामासाठी तो वापरतात! ख्रिस्ती प्रार्थनेतील हिब्रू ‘आमेन’ही असाच अनुवादावाचून राहिला आहे. पवित्र शब्दाचा उच्चार पंडित जपतात. त्याचा अर्थ मात्र बोलणारी माणसे घडवितात.