दहा रुपयांचा स्टॅम्प

देशाचं वाटोळं कोणी केलं, ही चर्चा आपल्या मेसमध्ये झाली नाही असा दिवस मला तरी आठवत नाही. पोळी गरम असेपर्यंत नेते, गार झाली की सरकारी बाबू! गेल्या जुलैत विषय होता हॉस्टेलच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंतचा रस्ता. मार्चमध्ये नवं डांबर पडलं आणि पहिल्याच मोठ्या पावसात खडी वर आली. "सगळे खातात," असं मी नेहमीप्रमाणे म्हणाले. त्यावर माझी रूममेट (ती कॉम्प्युटरची) शांतपणे म्हणाली, "तू सिव्हिलची ना? मग सही तुमच्याच माणसाने केली असणार."

घास घशातच अडकला. कारण तिचं खरं होतं. रस्त्याचं काम झालं की त्याची मापं एका वहीत लिहितात, तिला मोजमाप पुस्तिका किंवा एम. बी. म्हणतात. लांबी किती, रुंदी किती, थर किती जाड, हे ज्युनियर इंजिनिअर लिहितो, वरचे साहेब तपासतात आणि त्यावरून कंत्राटदाराचं बिल निघतं. आणखी काही वर्षांनी ती वही आपल्या बॅचमधल्याच कोणाच्या तरी हातात असणार आहे.

त्या रात्री मला दुसरीही एक गोष्ट आठवली, जी मी मेसमध्ये कधी सांगितली नव्हती. ॲडमिशनच्या वेळी एक दाखला हवा होता. तारीख जवळ आली होती. कार्यालयाबाहेरच्या एजंटने "साहेबांचं चहापाणी" म्हणून तीनशे रुपये मागितले. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पैसे मोजून दिले. मीच म्हणाले होते, "द्या ना बाबा, उशीर होतोय." म्हणजे 'सगळे' मध्ये मीही होतेच.

आपल्याला वाटतं, घेणारा चोर आणि देणारा बिचारा. कायदा आता तसं मानत नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं, तर देणारा सुटतो. (आमचे सात दिवस केव्हाच संपले.) देण्याआधीच लाचलुचपत विभागाकडे गेलात तर उत्तम, महाराष्ट्रात १०६४ हा त्यांचा फोन नंबर आहे. सापळा लावताना नोटांना जी पूड लावतात ती बऱ्याचदा फिनॉल्फ्थलीनची असते. फर्स्ट इयरला टायट्रेशनमध्ये आपण वापरलं तेच! हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी. केमिस्ट्री कुठे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

आणि गंमत म्हणजे आम्हाला ते तीनशे द्यायची गरजच नव्हती. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली कोणत्या सेवेला किती दिवस लागावेत हे जाहीर करावं लागतं. मुदत उलटली तर अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आम्ही कधी विचारलंच नाही.

म्हणून या वेळी विचारायचं ठरवलं. माहितीचा अधिकार म्हटलं की आपल्याला दिल्ली आठवते, पण त्याचं मूळ राजस्थानातल्या गावांत आहे. डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना इथे मजूर किसान शक्ती संघटनेने सरकारी कामांचे कागद लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीच हजेरीपटातली खोटी नावं ओळखली. आपल्याकडे राज्याच्या कायद्यासाठी अण्णा हजारेंनी २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला.

अर्ज अगदी सोपा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, आणि राज्याच्या नियमाप्रमाणे साधारण दीडशे शब्दांत. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही. मला कठीण गेलं ते मराठी! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'प्रमाणित प्रत' आणि 'जन माहिती अधिकारी' हे शब्द माझ्यासाठी फ्रेंचसारखे. शेवटी लायब्ररीतल्या काकांनी मसुदा तपासून दिला. मी तीन गोष्टी मागितल्या: कार्यादेश, अंदाजपत्रक आणि एम. बी. च्या प्रती.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही. मग पहिलं अपील केलं. (माहिती अडवली तर आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड करू शकतो.) सुनावणीला गेले तेव्हा पाय लटपटत होते. तिथले गृहस्थ म्हणाले, "ताई, एवढ्यासाठी अर्ज कशाला? नुसतं येऊन विचारायचं की." मी "हो सर" म्हणाले आणि कागद घेतले. पानाला दोन रुपये.

कागदांत लिहिलं होतं की दोन वर्षं रस्ता खराब झाला तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. म्हणजे फुकटात दुरुस्ती होणार होती, फक्त कोणी मागितली नव्हती! हॉस्टेलमधल्या बेचाळीस जणींनी सह्या करून पत्र दिलं. डिसेंबरात खड्डे बुजले, मोरीजवळचा तुकडा मात्र तसाच आहे.

दुसरी गोष्ट जास्त टोचली. एम. बी. मध्ये डांबरी थर ५० मिलिमीटर लिहिलाय. मी तुटलेल्या कडेला पट्टी लावली तर ३० ते ३५ भरली. यावरून आरोप करता येत नाही, कड झिजते आणि पट्टी ड्रॉइंगची होती. पण कायद्यात आणखी एक गोष्ट आहे जी आपल्या ब्रँचने पाठच करावी: कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क.

धोका नाही असं मी म्हणणार नाही. तळेगावच्या सतीश शेट्टींनी जमिनीचे गैरव्यवहार उघड केले, जानेवारी २०१० मध्ये त्यांचा खून झाला. अशांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो अमलात आणायची अधिसूचना वर्षानुवर्षं निघाली नाही. बाबा फोनवर रोज विचारतात, "झालं ना ते रस्त्याचं आता?" मी विषय बदलते.

नमुन्याचा अर्ज गेल्या सोमवारी दिला. पोच माझ्या ड्रॉइंगच्या फाइलमध्ये आहे. स्टॅम्पचे दहा रुपये या वेळी रूममेटने दिले.