आडव्या इंजिनाची सात वर्षं

नोव्हेंबर १९६५ मध्ये तुरिनच्या मोटार प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीनं गाडीचा नुसता सांगाडा मांडला. पातळ पोलादी पत्रा दुमडून जोडलेला, वजन घटवण्यासाठी जागोजागी भोकं पाडलेला, आणि सीटांच्या मागे बारा सिलिंडरचं इंजिन चक्क आडवं बसवलेलं. म्यूरा जन्मली ती अशी, अंगावर पत्रा नसताना.

फेरुच्चिओ लॅम्बोर्गिनी ट्रॅक्टरच्या धंद्यातून आलेले. त्यांना लांबच्या प्रवासाला सुखाच्या, वेगवान गाड्या हव्या होत्या. शर्यतीत पैसा घालायला ते तयार नव्हते. पण जानपाओलो दालारा आणि पाओलो स्टान्झानी हे त्यांचे इंजिनिअर आणि न्यूझीलंडहून आलेला चाचणीचालक बॉब वॉलेस, तिघंही तिशीच्या आतले. शर्यतीतल्या गाडीसारखं चालकाच्या पाठीमागे इंजिन असलेली, पण रस्त्यावर चालणारी गाडी त्यांच्या डोक्यात होती.

घोडं अडलं लांबीवर. इंजिनिअर बिझारिनीच्या आराखड्यावरचं ते ३.९ लिटरचं इंजिन लांबीत ठेवून त्याला गिअरबॉक्स जोडला, तर गाडी लांबच लांब होणार. उत्तर मिळालं ते चिमुकल्या ब्रिटिश मिनीत: इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्याच पोटात. दालारांनी हेच बारा सिलिंडरना लावलं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतीव घडणीत, दोघांना तेलही एकच.

मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात बेर्तोने या डिझाइन कंपनीनं चढवलेला देह दिसला. तिथले डिझायनर मार्चेल्लो गांदिनी तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. मागच्या काचेऐवजी काळ्या पट्ट्या, दिव्यांभोवती पापण्या, जेमतेम कमरेएवढी उंची. तिच्या रूपाचं सगळं श्रेय गांदिनींना देतात, ते मला अर्धंच पटतं. यंत्र इतकं आटोपशीर नसतं, तर ती रेषा आलीच नसती.

त्या आटोपशीरपणाची किंमतही होती. गिअरच्या दात्यांतून झिजलेला धातूचा चुरा इंजिनच्या तेलात जाई. त्या सामाईक तेलामुळे मागच्या चाकांना घसरण रोखणारा डिफरन्शियल देता येईना. पेट्रोलची टाकी पुढे. ती रिकामी होत जाई तसं नाक हलकं होऊन वेगात उचलल्यासारखं वाटे. कार्बुरेटर शर्यतीच्या घराण्यातले, त्यामुळे गर्दीत रेंगाळताना सांडलेलं पेट्रोल पेट घेण्याचा धोका. या गाड्या जळाल्याही.

पुढची वर्षं या चुका निस्तरण्यात गेली. ३५० अश्वशक्तीची पहिली पी४००. १९६८ ची एस, ३७० ची. आणि १९७१ ची एसव्ही, ३८५ ची. एसव्हीचं मागचं सस्पेन्शन बदललं, मागची चाकं रुंद झाली आणि त्यांना सामावायला मागचे मडगार्डही फुगले. दिव्यांच्या पापण्या गेल्या. मला तीच सर्वांत आवडते. पहिलीचं रूप निर्मळ आहे, पण एसव्ही रस्त्यावर पाय रोवून उभी राहते.

१९७१ च्या ज्या जिनिव्हा प्रदर्शनात एसव्ही आली, त्याच प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीच्याच काउंटाशचा पहिला नमुनाही होता. तिच्यात स्टान्झानींनी इंजिन पुन्हा लांबीत ठेवलं आणि गिअरबॉक्स पुढे, दोन सीटांच्या मधे घेतला. म्यूराच्या इंजिनाचं आणि गिअरबॉक्सचं तेल वेगळं झालं ते मात्र थेट नंतरच्या एसव्हींमध्ये.