धोबीतलावचे व्हायोलिनवाले

१९३१च्या मार्चमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला आणि थिएटरांतल्या वादकांच्या पोटावर पाय आला. मूकपट चालू असताना पडद्यापुढे बसून प्रसंगाला साजेसं वाजवायचं, हा तोवर चांगला रोजगार होता. त्यात व्हायोलिन हाती असलेले गोवेकर बरेच. पडदाच बोलायला-गायला लागल्यावर त्यांना कोण विचारणार? गंमत अशी की दहा-पंधरा वर्षांत याच बोलपटाने त्यांना परत बोलावून घेतलं आणि पुढची चार दशकं हिंदी सिनेमाचं गाणं त्यांच्या गजाशिवाय पुरं झालं नाही.

गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना अक्षरांबरोबर सॉल्फेजो, म्हणजे स्वर वाचून गाणं, आणि व्हायोलिन शिकवायची पद्धत पोर्तुगीज अमदानीत रुजली होती. रविवारचा मिसा, गावचं फेस्त, क्रुसापुढची लदीन, लग्नातला मांडो, सगळीकडे व्हायोलिन लागायचंच. पण नुसतं वाजवून घर चालेल एवढं काम गोव्यात नव्हतं. मग मुंबई. धोबीतलावच्या आसपास आपल्या गावाच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, पथारी टाकायची आणि हॉटेलात, क्लबात, नाचाच्या कार्यक्रमांत मिळेल तिथे वाजवायचं. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यातही गोवेकर होतेच. १९४७ नंतर साहेब गेला, संस्थानिकांचे बँड मोडले, दारूबंदीने हॉटेलांची रया गेली. उरला सिनेमा.

तिथे आधी एक-दोन व्हायोलिनं सारंगी-क्लॅरिनेटच्या सोबतीने गायकाचीच ओळ वाजवत असत. चाळिशीच्या दशकात वाद्यमेळ वाढला आणि एक अडचण उभी राहिली. संगीतकाराला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, येईलच असं नाही आणि गोवेकर वादकाला राग कळेलच असं नाही. या दोघांमध्ये अरेंजर बसायचा. संगीतकार पेटीवर चाल सांगणार, सहायक ती सारेगममध्ये उतरवणार आणि अरेंजर रात्री जागून पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन, व्हिओला, चेलो असे वेगवेगळे कागद तयार करणार. फाळणीआधी लाहोरला काम केलेले सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनकडे हे वर्षानुवर्षं केलं. गायिका श्वास घेते तेवढ्या फटीत वर उसळणारी व्हायोलिनं, मुखड्याखालून वाहणारी दुसरीच धून, हे सारं त्यांनी कागदावर आणलं. श्रेयनामावलीत अशांची नावं फार तर ‘सहायक’ म्हणून यायची. रांगेत बसून वाजवणाऱ्यांची तर तेवढीही नाहीत.

रेकॉर्डिंग सगळ्यांचं एकदमच व्हायचं. ताडदेवचा फेमस स्टुडिओ असो की वांद्र्याचा मेहबूब, तिसऱ्या रांगेतल्या एखाद्याचा गज चुकला की गायिकेसकट सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. या जाचातच त्या आवाजाचं मर्म आहे, असं मला वाटतं. वीस व्हायोलिनं तंतोतंत एका सुरात कधीच वाजत नाहीत. व्हायोलिनच्या मानेवर पडदे नसतात, त्यामुळे प्रत्येकाचं बोट केसभर इकडेतिकडे पडतं, प्रत्येकाचा कंप निराळा असतो. त्या केसभर फरकांनीच तो आवाज भरदार होतो. एकट्या वादकाला, तो कितीही थोर असला तरी, तो काढता येत नाही.

या रांगांतून एक नाव मात्र देशभर पोचलं, तेही आडवाटेने. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९४३ साली नौशाद यांच्या ताफ्यात व्हायोलिनवादक म्हणून आले. पुढे अरेंजर झाले, गुरू झाले. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे शिष्य. रागांवर आधारलेल्या सिंफनी रचना करायचा त्यांना ध्यास होता. १९५८ साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात आपला वाद्यवृंद बसवला आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांना त्यासोबत गायला उभं केलं. सिनेमाने त्यांच्या या वेडात फारसा रस घेतला नाही. १९६५च्या सुमारास ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले, परतल्यावर सिनेमाकडे वळले नाहीत, माजोर्ड्याला राहिले. ‘अमर अकबर अँथनी’च्या वेळी नायकासाठी प्यारेलाल यांनी गुरूचं नाव सुचवलं. १९७७ सालच्या त्या सिनेमातल्या गाण्यात हेच नाव सांगत अमिताभ अंड्यातून बाहेर येतो. ते नाव एका खऱ्या माणसाचं आहे, हे बहुतेकांना फार उशिरा कळलं.

इकडे तेच वाद्य मांडी घालून, त्याचं टोक पावलावर टेकवून वाजवणारी आपली मंडळी होती. गजाननबुवा जोशी गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे. वाईत जन्मलेले वि. गो. जोग बिस्मिल्ला खाँच्या सनईसमोर जुगलबंदीला बसायचे. दा. के. दातार गायकी अंगाने वाजवत. पण मराठी घरांत व्हायोलिन शिरलं ते प्रभाकर जोगांच्या हातून. वडील लवकर गेले, म्हणून पुण्यातल्या वाड्यांमध्ये सव्वा रुपया आणि नारळ या बिदागीवर त्यांनी लहानपणीच कार्यक्रम सुरू केले. पुढे सुधीर फडक्यांचे सहायक झाले, १९५५ साली सुरू झालेल्या गीतरामायणाला त्यांची साथ होती. हिंदी वाद्यवृंदांतही ते बसले. आणि मग त्यांनी रांग सोडून थेट गाणंच गजावर घेतलं. त्यांचं ‘गाणारं व्हायोलिन’ ऐकताना शब्द कानाला जवळजवळ ऐकू येत. ‘ण’वर रेंगाळणं, ‘ळ’ला दिलेली हलकी मुरड, सगळं त्यात असे. सुगम संगीतातली बारीक जागा कशी घ्यावी, हे कित्येक गायकांना जोगांच्या वाजवण्यातून शिकता येईल. २०२१ साली ते गेले.

स्टुडिओतल्या रांगा तोवर केव्हाच विस्कटल्या होत्या. ऐंशीच्या दशकात सिंथेसायझर आला, मल्टिट्रॅक आला. नव्वदीत एका की-बोर्डमधून ‘स्ट्रिंग्ज’ निघू लागल्या आणि निर्मात्याने साहजिकच हिशेब केला. २००० साली ‘मोहब्बतें’मध्ये शाहरुख खान व्हायोलिन घेऊन पानगळीत उभा राहिला आणि वाद्याला पडद्यावर अगदी नायकाचा मान मिळाला. पडद्यामागे बसणाऱ्यांचा रोजगार तेव्हा सरत आला होता. २००६ साली एनसीपीएत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, त्यासाठी कित्येक वादक परदेशातून आणावे लागले.

मग २०१६ साली ‘सैराट’ आला. करमाळ्याच्या पट्ट्यात चित्रित झालेल्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला तो लॉस एंजेलिसला, सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. मला त्यात आपल्याकडचा तोटाही दिसला. उत्तम व्हायोलिनवादक मुंबईत आजही आहेत. मोडली ती पन्नास जणांनी रोज एकत्र बसून, कागद समोर येताच वाजवण्याची सवय. आता चार-सहा जणांकडून तोच पीस पुन्हा पुन्हा वाजवून घेतात, थरावर थर चढवतात, आणि ऐकणाऱ्याला वीस-पंचवीस जण बसल्याचा भास होतो. त्या थरांत केसभर फरकही त्याच चार-सहा बोटांचे असतात, हे सवयीच्या कानाला कळतं. अमेरिकेला जाण्याइतका पैसा प्रत्येक मराठी निर्मात्याकडे कुठला असायला? बाकीचे की-बोर्डवरच भागवतात. आणि रात्रीच्या मालिकेत सून रडायला लागते तेव्हा, खरं सांगायचं तर, तेवढं पुरतंही.