लेकरू उपद्व्याप करतंय ना?

मे महिन्यात गडचिरोलीच्या जंगलाकाठच्या गावांत तेंदूपत्त्याची घाई असते. पहाटे रानात गेलेली माणसं ऊन चढायच्या आत पानांची गाठोडी घेऊन परततात आणि ओसरीवर सगळं घर पुडे बांधायला बसतं. एका पुड्यात ७० पानं, एकावर एक नीट लावलेली, वरून घट्ट आवळलेली. संध्याकाळच्या आत ते फळीवर पोचवायचे असतात, त्यामुळे कोणालाच मान वर करायला फुरसत नसते. अशा वेळी दीड वर्षाचं लेकरू बरोबर मधोमध येऊन बसतं. एक पान उचलून आत्यापुढे धरतं. आत्या हात पुढे करते, तोच पान मागे जातं आणि लेकरू तिच्या तोंडाकडे बघून खुदकन हसतं. पुन्हा पान पुढे, पुन्हा मागे. शेवटी ते देऊनही टाकतं, पण तोवर दुसऱ्या हाताने एका पुड्याची गाठ सोडून झालेली असते.

घरचे याला खोडी म्हणतात. या खोडीकडे गंभीरपणे बघायला मानसशास्त्राला मात्र बराच वेळ लागला.

इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या, मूळच्या भारतीय मानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी यांनी तान्ह्या मुलांच्या थट्टामस्करीचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचा या विषयावरचा लेख १९९१ मधला, आणि पुढे २००८ मध्ये त्यांचं ‘हाऊ इन्फंट्स नो माइंड्स’ हे पुस्तक आलं. त्या काळी बहुतेक तज्ज्ञ असं धरून चालत की दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज मुलाला चौथ्या वर्षाच्या आसपास येऊ लागतो. रेड्डींना घराघरांत वेगळंच दिसलं. आठ-नऊ महिन्यांची बाळं वस्तू पुढे करून ऐन वेळी मागे घेत होती. ‘हात लावू नको’ म्हटल्यावर आईच्या डोळ्यांत डोळे घालून हात अगदी सावकाश त्याच वस्तूकडे नेत होती. समोरचा माणूस आता काय करेल, हे ठाऊक असल्याखेरीज अशी खोडी काढताच येत नाही. आत्या हात पुढे करणार, हे लेकराला आधीच माहीत असतं. त्याला मजा वाटते ती तिचा अंदाज चुकवण्याची.

ही कला माणसाच्याही आधीची असावी. २०२४ मध्ये चिंपांझी, बोनोबो, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या चित्रफितींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वस्तू देऊ करून मागे घेणं, पाठीमागून टोचून पळणं, मोठ्यांच्या कामात मुद्दाम लुडबुड करणं, असे प्रकार चारही जातींत आढळले. या सगळ्यांचा आणि आपला सामाईक पूर्वज सुमारे एक कोटी तीस लाख वर्षांपूर्वीचा. म्हणजे खोडी काढायची बुद्धी निदान तेवढी जुनी आहे, असा त्या अभ्यासकांचा कयास.

पण त्याच ओसरीवर आणखी एक गोष्ट घडते आणि ती सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. आजीच्या हातून दोरी निसटून जरा लांब पडते. गुडघे धरून आजी उठायच्या आत तेच खोडकर लेकरू डुलत डुलत जातं आणि दोरी तिच्या हातात आणून देतं. जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या मॅक्स प्लांक संस्थेत फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी हे नेमकं तपासलं आणि २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. त्यांच्या प्रयोगात दीड वर्षाच्या मुलांसमोर एक अनोळखी माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडायचा आणि तो हाती लागत नाही असं दाखवायचा. दुसऱ्या प्रसंगात त्याचे दोन्ही हात भरलेले असायचे आणि कपाटाचं बंद दार त्याला उघडता येत नसायचं. बक्षीस नाही, शाबासकी नाही, तरी बहुतेक मुलांनी कधी ना कधी मदत केलीच, आणि तीही काही सेकंदांत. खरी गंमत पुढे आहे. त्याच माणसाने चिमटा जाणूनबुजून फेकला, तेव्हा मुलं सहसा जागची हलली नाहीत. पडलेलं आणि टाकलेलं यातला फरक ज्या वयात तोंडाने सांगता येत नाही, त्या वयात तो कळलेला असतो.

दुसऱ्याची आवड आपल्याहून वेगळी असू शकते, हेही याच सुमारास उमगतं. बेटी रेपाचोली आणि ॲलिसन गोपनिक यांनी १९९७ मध्ये मुलांपुढे दोन वाट्या ठेवल्या. एकीत खारी बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. मुलांना अर्थातच बिस्किटं प्यारी. संशोधक बाईंनी बिस्किट खाऊन तोंड वाकडं केलं, ब्रोकोली खाऊन ‘अहाहा’ केलं आणि मग हात पुढे केला. चौदा महिन्यांच्या मुलांनी त्यांना बिस्किटच दिलं. अठरा महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. चार महिन्यांत केवढी ही मजल!

नकला करण्यातही हीच पारख दिसते. हंगेरीतल्या ग्योर्गी गर्गेई आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये चौदा महिन्यांच्या मुलांसमोर कपाळ टेकवून दिवा लावून दाखवला. दाखवणारीचे हात मोकळे असताना बहुतेक मुलांनीही पुढे कपाळच टेकवलं. हातांनी लावता येत असून ही कपाळाने लावते, तर त्यात काही तरी खुबी असणार. पण तिने थंडी वाजते म्हणून अंगाभोवती पांघरूण दोन्ही हातांनी धरलेलं असेल, तेव्हा बहुतेकांनी सरळ हाताने दिवा लावला. डोक्यावर गुंडी आणि काखेत घागर घेऊन आलेली आई पायाने दार ढकलते, म्हणून लेकरू काही उद्यापासून पायाने दार ढकलत नाही. आईचे हात गुंतलेले होते, हे त्याने हेरलेलं असतं.

वाटी खाली टाकणं हा तर सगळ्या घरांचा जुना ताप. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी आपल्या तीन मुलांच्या नोंदी ठेवताना हेच पाहिलं होतं: दुसऱ्या वर्षात शिरणारं मूल वस्तू कधी उंचावरून टाकतं, कधी बाजूला फेकतं आणि दर वेळी काय होतं ते टक लावून बघतं. २०१५ मध्ये एमी स्टॉल आणि लिसा फायगेन्सन यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अकरा महिन्यांच्या बाळांना दोन ‘अशक्य’ गोष्टी दाखवल्या. काहींना खेळणं भिंतीतून आरपार गेल्याचा भास करून दिला, काहींना ते आधाराविना हवेत तरंगताना दाखवलं. मग खेळणं त्यांच्या हाती दिलं. भिंतीतून गेलेलं खेळणं बाळांनी आपटून पाहिलं, तरंगलेलं खेळणं वरून सोडून पाहिलं. ज्या बाबतीत शंका, तिचीच तपासणी.

आता थोडं खोट्याबद्दल. जूनमध्ये जांभळं पडू लागतात. अडीच वर्षाच्या पोट्टीला विचारावं, ‘टोपलीतली जांभळं कोणं खाल्ली?’ ती मान हलवून ‘मी नाही’ म्हणते, आणि ते म्हणताना जांभळी झालेली जीभ पूर्ण बाहेर दिसते. आईबापांना इथे संस्कारांची काळजी लागते. कॅनडातल्या अँजेला इव्हान्स आणि कँग ली यांनी २०१३ मध्ये दोन-तीन वर्षांच्या मुलांना ‘मागे वळून खेळणं बघू नकोस’ असं बजावून एकटं सोडलं. बहुतेकांनी वळून पाहिलं. नंतर विचारल्यावर दोन वर्षांची बहुतेक मुलं खरं बोलली, आणि वय वाढत गेलं तसं नाकारणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं. ज्या मुलांना मनात आलेली पहिली ऊर्मी दाबून धरणं अधिक जमत होतं, तीच अधिक खोटं बोलली. तरी ते निभावणं त्यांना जमत नव्हतंच. ‘काय बरं असेल ते खेळणं?’ असं विचारताच अनेकांनी त्याचं नाव सांगून टाकलं. या वयातलं पहिलं खोटं हे बिघडल्याचं लक्षण नाही, हे पालकांना निःशंकपणे सांगायला हवं. त्यासाठी लेकराला मारणं तर साफ चूक.

यातले बहुतेक प्रयोग युरोप-अमेरिकेतल्या खोल्यांत झाले, ही या शास्त्राची मोठी उणीव आहे. म्हणून बार्बरा रोगॉफ, जयंती मिस्त्री आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास इथल्या वाचकाला जवळचा वाटेल. त्यांनी चार ठिकाणं निवडली: अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी, तुर्कस्तानातलं केचिओरेन, ग्वाटेमालातलं सान पेद्रो हे माया लोकांचं गाव, आणि राजस्थानातलं ढोल-की-पट्टी हे आदिवासी गाव. प्रत्येक ठिकाणी १४ कुटुंबं, मुलं एक ते दोन वर्षांची. अमेरिकेत आया मुलांना समोर बसवून, बोलून, खेळवून शिकवत होत्या. सान पेद्रो आणि ढोल-की-पट्टीत मोठी माणसं आपापल्या कामात होती आणि मुलं त्यांच्यातच बसून, निरखून शिकत होती. मोठ्यांच्या गप्पा, हातातली नवी वस्तू, पलीकडे चाललेलं काम, अशा एकाहून अधिक गोष्टींवर एकाच वेळी नजर ठेवण्यात तिथल्या मुलांचा हातखंडा होता.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल, सिंदेवाही, नागभीडकडे रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर बसवलेलं लेकरू बघितलं की हे पटतं. बांधीतल्या बाया वाकून धानाची रोपं लावत असतात. त्याला कोणी काही शिकवत नाही. थोड्या वेळाने ते चिखलात गवताच्या काड्या खोचू लागतं, आणि तेही मागे सरकत सरकत.

भाषेचं तसंच. कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी कानावर पडते, सिरोंच्यात तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, आणि गडचिरोली जिल्हाभर गोंडी, माडिया, मराठी. दोन भाषांत वाढणारं मूल गोंधळून जाईल, ही भीती निराधार आहे. माँट्रियलमध्ये फ्रेड जेनेसी यांनी १९९५ मध्ये दाखवलं की इंग्रजी-फ्रेंच घरातली दोन वर्षांची मुलंसुद्धा आईशी कोणती आणि बाबांशी कोणती भाषा बोलायची, हे बऱ्यापैकी सांभाळतात. आजीकडे ‘येर’ आणि अंगणवाडीताईंकडे ‘पाणी’ मागणारं लेकरू समोरच्याला काय कळेल याचा विचार करूनच मागत असतं.

हे सगळं वाचून कौतुक वाटणं सोपं आहे. खरी काळजी वेगळ्याच लेकराची करायला हवी. ‘आमचं काही त्रासच देत नाही, बसवलं तिथे बसतं’ असं ज्याच्याबद्दल सांगितलं जातं, त्याची. सगळी शांत मुलं आजारी नसतात, काहींचा स्वभावच तसा असतो. पण खोडीला अंगात ताकद लागते. कोस्टा रिकामध्ये बेट्सी लोझॉफ यांच्या गटाने लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेल्या बाळांचं निरीक्षण केलं, तेव्हा ती आईला चिकटून राहत होती, कमी खेळत होती, नव्या वस्तूपाशी जायला कचरत होती. जमैकातली खुरटलेली मुलंही कमी धुंडाळत होती आणि तोंडातून आवाज कमी काढत होती. मूल मागत नाही म्हणून मोठी माणसंही त्याच्याशी कमी बोलतात, आणि मग ते आणखी मागे पडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. महाराष्ट्राचा आकडाही त्याच घरातला.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. जमैकाच्या किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी ९ ते २४ महिन्यांची १२९ खुरटलेली मुलं निवडली. काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका जायची, काहींना दोन्ही मिळालं, काहींना काहीच नाही. सेविका टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन आईला लेकराशी खेळायला दाखवायची. दोन वर्षांनी सर्वांत पुढे होती ती दोन्ही मिळालेली मुलं. वीस वर्षांनी पुन्हा शोध घेतला, तेव्हा घरभेटी मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली.

घरभेटीची ताकद गडचिरोलीला नव्याने सांगायला नको. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने इथल्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी. पुढे ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर गेली. २०१८ पासून आशाच्या ठरलेल्या भेटी बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत वाढवल्या गेल्या. अंगणवाडीतलं पूर्वप्राथमिक शिक्षण सुरू होतं तीन वर्षं पूर्ण झाल्यावर. मधला पावणेदोन वर्षांचा काळ, म्हणजे नेमका या लेखातल्या उपद्व्यापांचा काळ, त्यात लेकराच्या वाट्याला मुख्यतः वजनकाटा आणि घरी न्यायचा आहार येतो. केंद्र सरकारने २०२४ मध्ये शून्य ते तीन वयासाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला, त्यात महिनावार खेळ दिले आहेत. तो भामरागड-एटापल्लीच्या पाड्यांपर्यंत गोंडी-माडियातून पोचला, तरच त्याचा उपयोग.

घरात सामान आहेच. बांबूची टोपली, रिकामं मडकं, झाकणाची डबी, कापडाचा बोळा. घशात अडकतील अशा चिंचोके-गुंजा तेवढ्या दूर ठेवाव्यात, विहिरीला कठडा असावा, फवारणीच्या औषधाची बाटली आढ्याला टांगलेली असावी. मग लेकराला अंगण मोकळं सोडायला हरकत नाही. आणि अंगणवाडीत वजनाच्या दिवशी ताईंनी किलो-ग्रॅमची नोंद झाल्यावर आईला एवढंच विचारावं, की या महिन्यात याने नवा उपद्व्याप कोणता केला. ‘काहीच नाही, गुमान बसून असतं’ असं उत्तर आलं, तर पुढच्या महिन्याची वाट न बघता त्याच आठवड्यात त्याचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं.